शंभर मिलिसेकंदांची चुकीची मोजणी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. गोव्यातल्या कुंडईच्या पठारावरच्या एका औषध कारखान्यात 33 केव्हीच्या पॅनेलला आदल्या दिवशीच्या पूजेची झेंडूची माळ अजून लटकत होती. परतीच्या पावसाचे दिवस होते. सकाळभर कडक ऊन, आणि तीन वाजले की अंत्रुजच्या, म्हणजे फोंडा भागातल्या, डोंगरांवर काळोख करून गडगडाट सुरू. पावणेचारच्या सुमारास एक वीज जवळच कोसळली आणि पाठोपाठ अख्खा कारखाना अंधारात गेला. बारा सेकंदांत जनरेटर चालू झाला, पण तेवढ्यात स्वच्छ खोल्यांतला हवेचा दाब पडला होता आणि एक बॅच थांबवावी लागली होती.

सगळ्यांचं म्हणणं एकच: वीज पडली, लाईट गेली. गोव्यात पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना ते इतकं नेहमीचं आहे की पुढे कोणी विचारत नाही. आम्ही मात्र त्या आठवड्यात तिथे बॅटरीच्या चाचणीसाठीच होतो, त्यामुळे विचारणं भाग होतं.

पहिला धागा शिफ्टच्या इलेक्ट्रिशियननी दिला. वीस-बावीस वर्षं त्याच पॅनेलसमोर काढलेला माणूस. मी विचारलं, "बाब, वीज पडली त्याच क्षणी गेले का दिवे?" ते म्हणाले, "ना सर. वीज पडली तेव्हा दिवे मिचकावले आणि परत आले. मग मी मनात तीन मोजले असतील नसतील, तेव्हा गेले." हे वाक्य मी तिथल्या तिथे लिहून घेतलं. विजेमुळे जायचे होते तर दिवे तेव्हाच गेले असते. तीन सेकंद थांबून जाणं हे कुठल्या तरी रिलेच्या, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या उपकरणाच्या, टायमरचं काम असतं.

दुसरा धागा पॅनेलवरच होता. मुख्य ब्रेकर उघडलेला, पण त्याच्या वरच्या बाजूचे, म्हणजे वीजखात्याच्या लाईनकडचे तिन्ही फेजचे दिवे जळत होते. उपकेंद्रात फोन करून फीडरची, म्हणजे तिथून कारखान्याकडे येणाऱ्या लाईनची, चौकशी केली तर उत्तर आलं, "फीडर चालू आहे, आमच्याकडून काही गेलं नाही." रिलेच्या पडद्यावरच्या झेंडूच्या पाकळ्या बाजूला केल्या तेव्हा खाली ट्रिपचं, म्हणजे ब्रेकर उघडण्याचं, कारण दिसलं: रिव्हर्स पॉवर. म्हणजे कारखान्यातली वीज बाहेर, लाईनकडे, वाहू लागली होती. दीड मेगावॅटच्या आसपास वीज घेणाऱ्या कारखान्यातून वीज बाहेर जायला कारण एकच उरतं, ते म्हणजे मागच्या अंगणातले बॅटरीचे दोन कंटेनर.

बॅटरी 2 मेगावॅटची, साठा 2 मेगावॅट-तास. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेल, बॅटरीची डीसी वीज एसी करणारे प्रत्येकी 1 मेगावॅटचे दोन इन्व्हर्टर, पुढे ट्रान्सफॉर्मर आणि मग 33 केव्हीचा बस, म्हणजे पॅनेलमधली सामाईक पट्टी. ती बसवली संध्याकाळच्या जास्त दराच्या तासांसाठी. त्यावर ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीला जलद प्रतिसाद देण्याची सोय घालून पाहायची होती. सेवा विकायची नव्हती, फक्त बॅटरी ते काम करू शकते का हे पाहायचं होतं.

आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची लहर सेकंदाला जितकी आवर्तनं घेते तो आकडा, 50 हर्ट्झ, आणि ती 49.90 ते 50.05 या पट्ट्यात राखायची असते. मोठं वीजकेंद्र अचानक बंद पडलं की फ्रिक्वेन्सी घसरू लागते. पहिले काही क्षण फिरणाऱ्या यंत्रांच्या जडत्वावर निघतात. मग टर्बाइनचे गव्हर्नर, म्हणजे वेग राखणारी यंत्रणा, वाफ किंवा पाणी वाढवतात, त्याला काही सेकंद लागतात आणि पूर्ण जोर यायला पाऊण मिनिटापर्यंत. त्यानंतर केंद्रीय नियंत्रणातून दर 4 सेकंदांनी सुटणारे संकेत काम हाती घेतात. एवढं करूनही घसरण थांबली नाही आणि फ्रिक्वेन्सी 49.4 पर्यंत आली, तर रिले आपोआप फीडर कापायला लागतात. पुढचे टप्पे 49.2, 49.0 आणि 48.8. गव्हर्नर जागे होण्याआधीच्या फटीत बॅटरी उपयोगी पडते, कारण इन्व्हर्टरला वाफ तापवायची नसते. आमची बॅटरी 49.70 ला उडी घेईल अशी लावली होती. पट्ट्याच्या बऱ्याच खाली, पण फीडर कापण्याच्या बऱ्याच वर.

फ्रिक्वेन्सी जितकी घसरेल तितकी वीज देत जाण्याची प्रमाणशीर पद्धत मला जास्त आवडते. पण आपल्या ग्रिडवर फ्रिक्वेन्सी दिवसभर पट्ट्यात वरखाली हलत असते, आणि बॅटरीही दिवसभर तिच्याबरोबर हलत राहते. मालकांना सेलची झीज संध्याकाळच्या कामासाठी राखायची होती, म्हणून ठराविक आकड्याला एकदम चालू होणारी पद्धत घेतली. तो निर्णय चुकीचा नव्हता. चूक त्याच्या आतल्या आकड्यांत होती.

लॉग जुळवायलाच पहिला दीड तास गेला. रिलेचं घड्याळ आणि इन्व्हर्टरचं घड्याळ यांत 47 सेकंदांचा फरक होता, कारण इन्व्हर्टरला वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरचा पत्ताच भरलेला नव्हता. शंभर मिलिसेकंदांची भानगड शोधायची आणि घड्याळं पाऊण मिनिटाने वेगळी. शेवटी दोन्हीकडे नोंदला गेलेला व्होल्टेजचा एकच खड्डा धरून रेषा जुळवल्या. अशी चाचणी कुणी सुरू करत असेल तर बाकी काही जोडण्याआधी सगळ्या उपकरणांना एका घड्याळाला बांधा, ही माझी पहिली विनंती.

जुळवल्यावर असं दिसलं. शेजारच्या फीडरवर आर फेजला दोष आला. त्या फेजचं व्होल्टेज 62 टक्क्यांवर बसलं आणि 110 मिलिसेकंदांत परत आलं. दिवे मिचकावले ते हेच, आणि मोटारी चालू-बंद करणारे दोन-चार काँटॅक्टर सुटले तेही याच वेळी. इथवर सगळं रोजच्यासारखं. पण त्याच क्षणी बॅटरीच्या कंट्रोलरने फ्रिक्वेन्सी 49.59 नोंदवली आणि ती बरोबर 100 मिलिसेकंद तशीच धरली. पुढचे 100 मिलिसेकंद 50.37. मग पुन्हा 49.98, जणू काही झालंच नाही.

या जोडीनेच सगळा उलगडा केला. 49.98 पासून खाली 0.39 आणि वर तेवढंच 0.39. खरी फ्रिक्वेन्सी अशी आरशातल्यासारखी खालीवर होत नाही. दोषाच्या वेळी व्होल्टेज नुसतं कमी होत नाही, त्याचा कोनही, म्हणजे लहर आपल्या 360 अंशांच्या आवर्तनात कुठे आहे ती जागाही, सरकतो. त्या दिवशी आर फेजचा कोन 14 अंशांनी मागे गेला. 50 हर्ट्झला एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं, म्हणजे 14 अंश म्हणजे पाऊण मिलिसेकंदाच्या जरासा वर. लहरीने शून्याची रेषा ओलांडायला एवढाच उशीर केला. कंट्रोलर पाच आवर्तनांच्या, म्हणजे 100 मिलिसेकंदांच्या खिडकीत कोन किती फिरला यावरून फ्रिक्वेन्सी काढत होता. खिडकीत 14 अंश कमी पडले, 14 भागिले 360, त्याला भागिले 0.1 सेकंद, उत्तर 0.39 हर्ट्झ. दोष गेला तेव्हा कोन परत पुढे आला आणि तोच आकडा उलट दिशेने. जनरेटर कुठेही मंदावला नव्हता. लहर जागची जरा सरकली, आणि कंट्रोलरने साप साप म्हणून भुई धोपटली.

ताळा करायला दोन सोप्या वाटा होत्या आणि दोन्ही केल्या. संपूर्ण देशाचं ग्रिड एकच आहे. दक्षिणेचं ग्रिड 31 डिसेंबर 2013 ला बाकीच्याशी जोडलं गेलं तेव्हापासून कुंडईला जी फ्रिक्वेन्सी तीच श्रीनगरला आणि तीच कन्याकुमारीला. मडगावला आमच्या दुसऱ्या कामावर एक साधा नोंदक 230 व्होल्टच्या सॉकेटला लावलेला होता. त्या मिनिटात त्याच्यावर 49.97 ते 49.99 पलीकडे काही नव्हतं. दुसरी वाट गणिताची. 100 मिलिसेकंदांत 0.39 म्हणजे सेकंदाला 3.9 हर्ट्झची घसरण. चालू यंत्रांचं जडत्व सरासरी 4 सेकंदांचं धरलं, म्हणजे त्यांच्या फिरण्यात साठलेली ऊर्जा पूर्ण क्षमतेने 4 सेकंद पुरेल एवढी, तर एवढ्या वेगाने घसरायला देशातल्या चालू क्षमतेपैकी साठ टक्क्यांहून जास्त वीज एका क्षणात जावी लागेल. तसं झालं असतं तर आम्ही लॉग वाचत बसलो नसतो.

हाच हिशेब उलटा लावला की अशा कामात घाई किती हवी ते कळतं. 1,80,000 मेगाव्होल्ट-अँपिअरची यंत्रं चालू आहेत आणि 2,000 मेगावॅटचं केंद्र गेलं असं धरा. फ्रिक्वेन्सी सुरुवातीला सेकंदाला साधारण 0.07 हर्ट्झने घसरेल. 50 वरून 49.70 ला पोचायला चार सेकंदांहून जास्त. तिथे आणखी अर्धा सेकंद खात्री करण्यात घालवला तर फ्रिक्वेन्सी 0.035 ने खाली जाते, बस्स. आयर्लंडसारख्या छोट्या ग्रिडवर किंवा उरलेल्या देशापासून तुटलेल्या दक्षिण ऑस्ट्रेलियात हा अर्धा सेकंद फार महाग पडतो. आपल्याकडे नाही. आमच्या कंट्रोलरची मूळ सेटिंग मात्र कुठल्या तरी छोट्या ग्रिडसाठी केलेली होती आणि तशीच उचलून इथे आली होती.

आता एक चुकीची मोजणी कारखाना कसा बंद पाडते ते पाहू. नुसत्या मोजणीने तो बंद पडला नसता. तिच्यापुढे एकामागून एक दारं उघडी होती.

खोटा आकडा गाळण्यासाठी कंट्रोलर 20 मिलिसेकंदांचे सलग तीन नमुने 49.70 च्या खाली मागत होता, म्हणजे 60 मिलिसेकंदांची खातरजमा. पण खिडकी 100 ची. कोनाची एक उडी खिडकीत शिरली की ती पूर्ण 100 मिलिसेकंद तिथेच बसते. म्हणजे तिन्ही नमुने त्याच एका उडीचे, आणि तिघांची साक्ष एकच. खातरजमेचा वेळ खिडकीपेक्षा जास्तच हवा. हे सेटिंगच्या कागदावर दोन वेगवेगळ्या पानांवर होतं, म्हणून कुणाच्या नजरेत आलं नाही.

मोजणी फक्त आर फेजवर होती. पॅनेलमध्ये तिन्ही फेजचे पीटी, म्हणजे मोजणीसाठी व्होल्टेज उतरवणारे छोटे ट्रान्सफॉर्मर, होते, पण कंट्रोलरकडे एकाच फेजची तार आणली होती. एका फेजचा दोष ही 33 केव्ही लाईनवरची सगळ्यात नेहमीची घटना. माडाची झावळी टेकली तरी होते. तिन्ही फेज एकत्र धरून मोजलं असतं तर उडी बरीच लहान दिसली असती.

मग उडीनंतरची पकड. बॅटरी एकदा चालू झाली की दहा सेकंद सोडायचं नाही, असं सेटिंग होतं. ते घातलं होतं चालू-बंदचा खेळ होऊ नये म्हणून, हेतू चांगला. पण त्यामुळे शंभर मिलिसेकंदांनी 50.37 दिसूनही कंट्रोलरने तिकडे पाहिलं नाही.

आणि शेवटचं, सगळ्यात महाग पडलेलं: बॅटरीने किती वीज द्यायची याची मर्यादा 2 मेगावॅट अशी कायमची टाकलेली. कारखाना त्या वेळी 1.32 मेगावॅट घेत होता. 180 मिलिसेकंदांत बॅटरी शून्यावरून 2 मेगावॅटला गेली, आणि जवळजवळ 0.68 मेगावॅट लाईनवर बाहेर पडायला लागले. वीज बाहेर देण्याचा करार नाही. रिव्हर्स पॉवर रिले 50 किलोवॅटला उचलतो, 3 सेकंद थांबतो आणि ब्रेकर उघडतो. त्याने ते केलं. ब्रेकर उघडल्यावर 2 मेगावॅट देणारे इन्व्हर्टर आणि 1.32 मेगावॅटचा भार एकटे राहिले, व्होल्टेज 120 टक्क्यांच्या वर गेलं, इन्व्हर्टर जास्त व्होल्टेजवर ट्रिप झाले आणि अंधार झाला. हवा हाताळणाऱ्या दोन यंत्रांचे ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारी उपकरणं, त्या क्षणभराच्या व्होल्टेजने बंद पडले, ते हाताने रीसेट करावे लागले.

संध्याकाळच्या बैठकीत एक सूचना आली की रिलेची वेळ 3 वरून 15 सेकंद करू, म्हणजे बॅटरीची पकड आधी सुटेल आणि ब्रेकर उघडणारच नाही. मी त्याला ठाम नाही म्हटलं. त्या दिवशी पूर्ण बरोबर वागलेलं एकच उपकरण होतं आणि ते तो रिले. ज्या लाईनवर वीज देण्याची परवानगी नाही तिच्यावर ती जात राहणं म्हणजे कुठेतरी खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाशी खेळ. गोव्यात पावसात, अंधारात, निसरड्या जांभ्यावरून जाऊन ही माणसं लाईन सांधतात. दुरुस्ती जिथे चूक झाली त्या जागीच व्हायला हवी, बरोबर चालणाऱ्या रिलेवर नाही.

असा प्रकार जगात पहिल्यांदा झाला असंही नाही. 16 ऑगस्ट 2016 ला दक्षिण कॅलिफोर्नियात वणव्यामुळे लाईनवर दोष आले आणि सुमारे 1,200 मेगावॅट सौर वीज गेली. त्यातली 700 मेगावॅटच्या आसपास केवळ इन्व्हर्टरांनी दोषाच्या क्षणी फ्रिक्वेन्सी चुकीची वाचली म्हणून. 9 ऑगस्ट 2019 ला ब्रिटनमध्ये वीज पडल्यावर फ्रिक्वेन्सी 48.8 ला आली. त्या गोंधळात कोनाच्या उडीवर चालणाऱ्या संरक्षणाने छोट्या केंद्रांची सुमारे 150 मेगावॅट वीज तोडली. तिथे दोन्ही गोष्टी एकाच मिनिटात होत्या, कोनाची खोटी उडी आणि फ्रिक्वेन्सीची खरी घसरण. कंट्रोलरला या दोन्ही वेगळ्या ओळखता यायला हव्यात, आणि म्हणूनच नुसता उशीर वाढवून भागत नाही.

पुढचे चार दिवस बदल आणि चाचणी. तिन्ही फेजच्या तारा आणल्या. खिडकी 200 मिलिसेकंदांची केली आणि खातरजमा 240 ची, म्हणजे एकटी उडी कितीही मोठी असली तरी खातरजमा पुरी होण्याआधी खिडकीतून बाहेर पडते. कोणत्याही फेजचं व्होल्टेज 85 टक्क्यांच्या खाली गेलं की फ्रिक्वेन्सीचा निर्णय गोठवायचा आणि व्होल्टेज सावरल्यावर 500 मिलिसेकंदांनी पुन्हा मोकळा करायचा. दहा सेकंदांची आंधळी पकड काढली. तिच्या जागी 500 मिलिसेकंदांच्या लांब खिडकीची दुसरी साक्ष: बॅटरी चालू झाल्यावर एका सेकंदात लांब खिडकीनेही 49.75 च्या खाली दाखवलं नाही तर माघार. आणि मर्यादा जिवंत केली: त्या क्षणी कारखाना जेवढी वीज घेतोय त्यातून 100 किलोवॅट वजा, किंवा 2 मेगावॅट, यातलं जे कमी ते. 1.32 घेत असेल तर बॅटरी 1.22 च्या वर जाणार नाही. ग्रिडच्या दृष्टीने कारखान्याने घ्यायची वीज कमी करणं आणि तेवढीच वीज देणं यांत फरक नाही.

रिले तपासायच्या पेटीतून पीटीच्या 110 व्होल्टच्या बाजूला बनावट लहरी सोडल्या. 10, 20, 30 अंशांच्या नुसत्या उड्या: बॅटरी शांत. एका फेजचं व्होल्टेज 100 मिलिसेकंद शून्य: शांत. सेकंदाला 0.07 हर्ट्झची खरी घसरण: 49.70 ला चालू. पण व्होल्टेजचा खड्डा आणि लगोलग सेकंदाला 1 हर्ट्झची घसरण अशी जोडी दिली तेव्हा आमची नवी दुरुस्ती अडकली. व्होल्टेज 85 टक्क्यांच्या आसपास थरथरत होतं, प्रत्येक थरथरीला गोठवण्याचा टायमर पहिल्यापासून सुरू होत होता, आणि खरी घसरण डोळ्यांसमोर असताना बॅटरी चार सेकंद गप्प बसली. म्हणजे खोट्या हाकेला धावणारी बॅटरी आम्ही खऱ्या हाकेला न धावणारी करून ठेवली होती. मग 85 ला गोठवायचं पण 90 ला सोडायचं असं अंतर ठेवलं, आणि काही झालं तरी गोठवणं एका सेकंदाच्या वर नाही अशी कमाल घातली. पुन्हा तीच जोडी दिली, तीनदा दिली, तिन्ही वेळा बॅटरी वेळेत आली.

सगळं धरून प्रतिसादाचा वेळ किती झाला? खिडकीचा उशीर 100 मिलिसेकंद, खातरजमा 240, कंट्रोलर ते इन्व्हर्टर संदेश 50, चढण 180. म्हणजे सुमारे 570, जास्तीत जास्त 600 धरा. ब्रिटनची सगळ्यात जलद सेवाही पूर्ण प्रतिसादासाठी एक सेकंद देते. आधीच्या सेटिंगपेक्षा आम्ही पाव सेकंदाहून कमी वेळ जास्त घेतला होता. साठ्याचा तर प्रश्नच नव्हता: पूर्ण 2 मेगावॅट पाच मिनिटं दिले तरी 167 किलोवॅट-तास जातात, संध्याकाळच्या साठ्याचा फक्त बारावा हिस्सा.

दिवाळीच्या आठवड्यात पुन्हा एकदा दुपारी आभाळ फुटलं. संध्याकाळी लॉग पाठवून घेतला. वाय फेज 71 टक्के, 90 मिलिसेकंद. निर्णय गोठवला, 590 मिलिसेकंदांनी सोडला. तिन्ही फेज मिळून फ्रिक्वेन्सी 50.01, कुठेही 49.9 च्या खाली नाही. बॅटरीचा आउटपुट 0 किलोवॅट. लॉगच्या खाली शिफ्टच्या इलेक्ट्रिशियननी पॅनेलच्या वहीतल्या त्यांच्या नोंदीचा फोटो जोडला होता, निळ्या पेनने: "15.20 दिवे मिचकावले. परत आले. दहापर्यंत मोजले. आहेत."